आधी विष, मग औषध

आळेफाट्याला मी संगणकाचा क्लास चालवायचो, तेव्हा मोबाईलवरच्या खेळात फक्त साप धावायचा. क्लासमध्ये सहा संगणक होते, एकमेकांना जोडलेले. शनिवारी दुपारची बॅच सुटली की तासभर एक कार्डांचा खेळ चालायचा. दोघं जण दोन संगणकांवर बसत. प्रत्येकाला वीस जीव, हातात पाच कार्डं, आणि एकाआड एक पाळी. ज्याचे जीव आधी संपतील तो हरला.

त्या वर्षी मंचरच्या एका क्लासने याच खेळाची स्पर्धा ठेवली. प्रत्येक क्लासमधून एकच खेळाडू घेणार होते. आमच्याकडे शेवटी दोघं उरले: बोरी बुद्रुकची एक बाई, डेअरीच्या ऑफिसात काम मिळावं म्हणून शिकायला येणारी, आणि माझा सख्खा चुलत भाऊ. पंच मी. तेव्हाच कुणीतरी म्हणालं, "पंच घरचा, मग निकाल बी घरचाच!" मी दुर्लक्ष केलं. नियम मला पाठ आहेत, असं मी समजत होतो.

खेळ रंगला. बाईने भावाला पॉयझन लावलं. पॉयझन लागलं की दर फेरीला दोन जीव जातात, औषधाचं कार्ड खेळेपर्यंत. भावाचे दोनच जीव उरले होते, पण औषध हातात होतं. बाईची पाळी संपली, त्याची सुरू झाली. तो माऊस हलवणार तोच पडद्यावर आलं: तुम्ही हरलात.

"मशीन गंडलं!" भाऊ ओरडला. "पाळी माझी, आन् मारतीय ती?"

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, कारण आम्ही सगळे कालव्याच्या पाण्यावरचे. येडगाव धरणाचं पाणी चारीला, म्हणजे शेतांकडच्या पाटाला, आलं की घड्याळ लावून पाळ्या लागतात. वेळ भरली की वरच्या शेतकऱ्याने आपलं दार टाकायचं. त्यानंतरचा थेंबही त्याचा नाही. बाईची पाळी संपली, म्हणजे तिचं पॉयझनही बंद, असा हिशोब आम्ही सहज धरला.

बाई शांतपणे म्हणाली, "सर, मशीन नाय चुकलं. पॉयझन आधी बसतं, हात मग मिळतो."

"ताई, मशीन हँग झालं व्हतं," मी म्हणालो. "डाव परत."

परतच्या डावात भाऊ जिंकला. फळ्यावर मंचरसाठी त्याचं नाव लिहिलं. बाईने पिशवी उचलली आणि मला एवढंच म्हणाली, "तुमी एकदा करून बघा की, राव."

'सर'वरून 'राव' झालं, ते मला लागलं. रविवारी सकाळी मी क्लास उघडला, दोन संगणक शेजारी लावले आणि दोन्ही बाजूंनी एकटाच खेळलो. वही घेतली, रकाने पाडले, एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. पाळी सुरू झाल्याबरोबर पॉयझनचे दोन जीव गेले. मग नवं कार्ड आलं. त्यानंतर माऊस चालू झाला. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. एरवी हे कुणाच्या लक्षात यायचं नाही, कारण जीव भरपूर असायचे आणि लगेच औषध पडायचं. दोन जीव आधी गेले की नंतर, कोण बघतो?

पुढे गेलो. शिल्ड समोरच्याचा वार अडवते, पण आधीच लागलेलं पॉयझन अडवत नाही. स्लीप लावलं की त्या पाळीत कार्ड खेळता येत नाही, पॉयझन मात्र चालूच. म्हणजे आधी पॉयझन, वर स्लीप: औषध हातात असूनही माणूस नुसता बघत बसणार. बाई शनिवारी नेमकी तीच चाल बांधत होती.

सोमवारी सगळी बॅच बसलेली असताना मी सांगितलं, "शनिवारचा पहिला डाव खरा. निकाल मी चुकीचा दिला. मंचरला ताई जाणार."

भाऊ उठलाच. "दादा, घरच्या माणसाला पाडतोय व्हय?"

"तू शनिवारीच पडला व्हतास. मी तुला उचलून धरला, ती चूक माझी."

मागून हशा आला. भाऊ लाल झाला, पण वही मागून घेतली आणि दहाही ओळी वाचल्या. "आयला," एवढंच म्हणाला.

मी त्याचं नाव पुसून तिचं लिहिलं आणि खाली क्रम मांडला: एक, पॉयझन, दोन, नवं कार्ड, तीन, आपला हात. खडू ठेवणार तेवढ्यात बाई पुढे आली.

"सर, स्लीप कधी उतरतं ते राहिलं." तिने खडू घेऊन चौथी ओळ लिहिली: पाळी संपताना. "म्हणून एका फेरीचं स्लीप असलं तरी ती आख्खी पाळी जाती."

ते मी तपासलं नव्हतं. वहीत तो रकानाच नव्हता. मी तसं कबूल केलं.

मंचरला चार दिवस होते. बाईला सरावाला समोर कुणीतरी हवं होतं. तिने बॅचवर नजर फिरवली आणि भावासमोरची खुर्ची ओढली.

"बसा भाऊ. तुमीच लई चिवट खेळता. यावेळी औषध लवकर टाका."

भाऊ बसला. मी दोन्ही संगणक सुरू करून दिले.