व्हर्नाच्या तीनशे सह्या

तीनशे सह्या! निवडणुकीला उभं राहायला माणसाला तीनशे सह्या कशाला लागतात, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही. आणि त्या गोळा कधी करायच्या, तर फेब्रुवारी-मार्चात, तीन आठवड्यांत, गुडघाभर बर्फात. उन्हाळ्यात काय यांचे हात मोडले होते?

माझी बायको व्हर्ना हुडाक शाळेची बस चालवते. सव्वीस वर्षं झाली. कधी गाडी घासली नाही, कधी पोरांवर ओरडली नाही. नुसतं आरशातून बघितलं की अख्खी बस चिडीचूप. चार वर्षांपूर्वी आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या खोऱ्यातला नदीवरचा पूल धोक्याचा म्हणून बंद झाला, आणि तेव्हापासून तिची बस बावीस मैलांचा वळसा घालते. आमचे आमदार ब्रुबेकर दर वर्षी त्या पुलापाशी उभे राहून फोटो काढून घेतात. पूल आपला तसाच.

यंदाही पेपरात फोटो आला. व्हर्नानं तो बघितला आणि कॉफीचा कप खाली ठेवला.

"एमिल, मी उभी राहतेय."

"कुठं?"

"ब्रुबेकरसमोर. आपल्याच पक्षातून."

मी हसलो. मग तिचं तोंड बघितलं आणि हसू आवरलं.

आमच्याकडे खरी लढाई मे महिन्यात, पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत होते. तिथं पक्षाचे मतदार उमेदवार ठरवतात. नोव्हेंबरात समोरून कुणी उभंच राहत नाही. म्हणजे मे महिन्यात मतपत्रिकेवर व्हर्नाचं नाव आलं तर आलं. नाहीतर पुन्हा दोन वर्षं फोटो बघत बसा.

तीनपैकी एक आठवडा आधीच सरला होता. पहिल्या कागदावरची पहिली सही मी ठोकली, मोठ्या ऐटीत. मग रोज बसची फेरी संपली की ती आणि मी दारोदार. ती पुलाचं बोलायची, मी नियमांचं. नियम तरी किती! सही करणारा आपल्याच पक्षाचा हवा. नाव मतदारयादीत आहे तस्संच हवं. आणि एकाला सही दिली असेल तर दुसऱ्याला द्यायची नाही. दिलीच, तर आधीची धरतात. मी प्रत्येकाला दारातच विचारायचो, "ब्रुबेकरला नाही ना दिलीस आधी? नीट आठव बाबा!"

"अरे, तिला आत तरी येऊ दे," म्हातारी अ‍ॅग्नेस टोमको माझ्यावर खेकसली. "पोलीस आहेस का तू? व्हर्ना, ये गं. अक्रोडाचा रोल केलाय. याला नको देऊस."

तीनशे एकेचाळीस सह्या झाल्या. व्हर्नानं त्या दिवशी स्वयंपाकघरात चक्क गाणं म्हटलं.

अर्ज भरला, आणि आठवड्याभरात ब्रुबेकरच्या वकिलानं सह्यांवर आक्षेप घेतला. आम्ही दोघं कोर्टात गेलो, कागदांचं खोकं मी धरलेलं. तो एकेक सही उडवत गेला. ही बाई दुसऱ्या पक्षाची, गेली. याचा पत्ता लेकीनं लिहिलाय, गेला. बड म्यूलरचं नाव यादीत बर्नार्ड आहे, गेला.

"अहो, त्याची आईसुद्धा त्याला बडच म्हणायची!" मी ओरडलो. जजसाहेबांनी मला दम दिला. असला संताप झाला होता की सांगता सोय नाही. माणसं जिवंत आहेत, सह्या त्यांच्याच आहेत, पूल बंद आहे, आणि हे बसलेत नावं तपासत!

शेवटी बरोबर तीनशे उरल्या. व्हर्नानं माझा हात घट्ट धरला.

"आणखी एक," वकील म्हणाला. त्यानं एक कागद काढला आणि मला साक्षीला बोलावलं. मी शपथ घेतली.

"मिस्टर हुडाक, श्रीमती हुडाकांच्या अर्जावरची ही पहिली सही तुमची?"

"माझीच! पुसून दाखवा."

"आणि ही?"

ब्रुबेकरच्या अर्जाचा कागद होता. वीस फेब्रुवारी, शुक्रवार. मला सगळं झर्रकन आठवलं. अग्निशामक दलाच्या हॉलमधली, ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी मांस चालत नाही म्हणून विकतात ती मासळी. दारापर्यंत रांग. कागद अडकवलेली पाटी घेऊन उभा असलेला ब्रुबेकरचा माणूस. 'एमिल, एक सही ठोक की!' मी ठोकली होती. काय आहे तेही वाचलं नव्हतं. व्हर्नानं कप खाली ठेवायच्या चार दिवस आधी.

मी व्हर्नाकडे बघितलं. ती आरशातून बघते तशी बघत होती.

"माझीच आहे," मी म्हणालो.

दोनशे नव्याण्णव.

घरी येताना गाडी तीच चालवत होती. मला वाटत होतं, ओरड एकदाची, शिव्या घाल.

"रांग मोठी होती?" तिनं विचारलं.

"होती."

"मासा तरी चांगला होता का रे?"

"गार होता."

तिनं मान हलवली. समोर बंद पुलाचा अडसर आला, आणि तिनं सवयीनं गाडी वळशाच्या रस्त्याला घातली.