साडूंची कोरी बाटली

आमच्या साडूंइतका स्वतःवर संशय घेणारा माणूस उभ्या खानदेशात शोधून सापडायचा नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी विहिरींच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे प्लॅस्टिकचे कण शोधत हिंडतात. पिंप्राळ्याहून माझ्या स्कूटरवर मागे बसतात ते नखशिखांत सुती कपड्यांत, मांडीवर काचेच्या बाटल्यांची पेटी घेऊन. मलासुद्धा टेरिकॉटचा शर्ट बदलायला लावतात! "तुमच्या बाहीचा धागा पाण्यात पडला, तर आळ विहिरीवर येईल." पंपाचा पाइप प्लॅस्टिकचा, म्हणून पाणी काढायचं स्टीलच्या बादलीनं, तेही सुती दोरानं. शिवाय शुद्ध पाण्याची एक बाटली काठावर नुसतीच उघडी ठेवायची. "ही कोरी बाटली. आपण काय घाण केली, ते ही सांगते."

फैजपूरजवळ नाना नावाच्या शेतकऱ्याच्या केळीच्या बागेत गेलो. साडू बाटली भरायला वाकले, तोच नाना पुढे आले. पाहुणा आला म्हणजे टॉवेल-टोपी व्हायलाच हवी! सत्तरीच्या नानांनी पॉलिस्टरचा चकचकीत गुलाबी टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला. मी असा टॉवेल नेला असता तर साडूंनी मला विहिरीत ढकललं असतं. पण वडीलधाऱ्या माणसाचा मान झटकायचा कसा? टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून त्यांनी बाटली भरली. पुढे नमुन्यात गुलाबी धागे निघाले. मी पडलो तोंडाचा फाटका, नानांना फोन करून मोकळा झालो, आणि त्यांनी बापानं खणलेल्या विहिरीचं पाणी प्यायचं बंद केलं.

तेच धागे कोऱ्या बाटलीतही सापडले. साडूंनी नमुना रद्द केला आणि मला घेऊन सरळ नानांचं दार गाठलं. टॉवेलचा उल्लेखही न करता म्हणाले, "नाना, चूक माझ्या हातून झाली. पुन्हा पाणी घेऊ द्या."

नानांचा चेहरा खुलला. "मंग माह्या विहिरीचं पानी चांगलं हाये ना?"

अहो, हो म्हणायला काय जात होतं? पण साडू म्हणाले, "अजून मला माहीत नाही." या खेपेला नानांचा टॉवेल मीच आधी मागून घेतला आणि डिकीत कोंबला.

कोरी बाटली स्वच्छ निघाली. विहिरीच्या पाण्यात मात्र बारीक काळे तुकडे होते, ठिबक सिंचनाच्या प्लॅस्टिकच्या नळीचे. हे फोनवर सांगायचं नाही, असं मला बजावून साडू मला घेऊन स्वतः नानांकडे गेले. नाना बागेत पसरलेल्या नळ्यांकडे बघत राहिले.

"आता खरंच हाये का, साहेब?"

"हो नाना. या वेळी खरंच आहे."

"तुमी सांगता म्हून मानतो," नाना म्हणाले, आणि आमच्यासाठी पाणी आणायला उठलेल्या सुनेला त्यांनी हातानंच थांबवलं.

एवढ्या चोख माणसाचा मला अभिमान आहेच. पण त्या दिवशी, देवाशपथ सांगतो, तो चुकला असता तर किती बरं झालं असतं!