धारेच्या वेळेचा साक्षरता वर्ग

आमचे मुख्याध्यापक समाजसेवा करायचे ती पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. मंगळवार पेठेत त्यांचा मान एवढा, की ते रस्त्याने निघाले की सायकलवरची माणसं खाली उतरून चालायला लागायची. श्रमदान असलं की सर पहिलं घमेलं स्वतः उचलत. घमेल्यात तळाला वर्तमानपत्राचे बोळे असायचे आणि वर फोटोत दिसेल इतकीच माती. हे मला ठाऊक, कारण बोळे मी करत असे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी गडहिंग्लजहून आलेली, बावीस वर्षांची, सरांच्या शाळेत तात्पुरती शिक्षिका. जूनपर्यंत कायम झाले नाही तर बाडबिस्तरा घेऊन घरी परत, आणि घरी वडिलांनी साखर कारखान्यातलं एक स्थळ तयार ठेवलेलं. मुलगा दिसायला बरा होता, पण प्रत्येक वाक्य बोलून झालं की स्वतःच हसायचा. ते हसू जन्मभर ऐकायचं या कल्पनेनं मी कुठलंही काम करायला तयार होते. सरांनी हे बरोबर ओळखलं होतं.

"बाई," ते एकदा म्हणाले, "आपल्या पेठेतले गवळी अंगठेबहाद्दर आहेत. मला झोप लागत नाही. त्यांच्यासाठी वर्ग काढू या."

"काढू या," मी म्हटलं. "शिकवणार कोण?"

"मार्गदर्शन माझं. बाकीचं तुम्ही बघा. वर्ग चालला तर तुम्हाला कायम करायचं माझ्याकडे लागलं."

वर्गाची वेळ सरांनी ठरवली, संध्याकाळी पाच ते सात. कारण काय, तर उद्घाटनाचा फोटो उजेडात चांगला येतो. आता कोल्हापुरात संध्याकाळी गवळी काय करतात हे शेंबडं पोरही सांगेल. ते म्हशी घेऊन कट्ट्यावर येतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात. उद्घाटनाला सहा गवळी आले, ते म्हशी घेऊनच. सरांनी नाकाला रुमाल लावून नारळ फोडला, ज्ञानाच्या ज्योतीवर अर्धा तास बोलले, आणि एका म्हशीने शेपटी झटकल्यावर भाषण आवरतं घेतलं. त्यानंतर ते वर्गाकडे फिरकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी एकटी. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी फळा काखोटीला मारला आणि कट्ट्यावर गेले. त्यांच्यातला वयानं थोरला, गलमिशावाला म्हातारा म्हशीच्या पोटाला डोकं टेकून धार काढत होता.

"बाई, आमाला वेळ न्हाय," तो मान न वळवता म्हणाला.

"हात कामात आहेत. डोळे मोकळे आहेत की."

त्यानं जरा विचार केला. "मग फळा हिकडं धरा. म्हशीच्या आडोशाला दिसंना झालाय."

असा आमचा वर्ग चालू झाला. मी फळा धरायची, ते धार काढता काढता अक्षरं म्हणायचे. दूध प्यायला आलेली गिऱ्हाइकं मिशांवरचा फेस पुसत चुका काढायची. "अवो, त्यो 'भ' न्हाय, 'म' हाय. म्हशीतला." एप्रिलपर्यंत म्हातारा दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत घरी जाऊ लागला. पेठेला थोडा त्रासच झाला.

मग सरांचं नाव कुठल्याशा पुरस्कारासाठी गेलं, आणि शिक्षण खात्यातले एक साहेब वर्ग बघायला आले. सरांनी गवळ्यांना धुतल्या कपड्यांत, बिनम्हशींचं, हॉलमध्ये बसवलं. साहेब हुशार निघाले. पाठ केलेला धडा नको म्हणाले. सरांनी मोठ्या अदबीनं पुढे केलेल्या अहवालातलाच कागद त्यांनी उचलला आणि म्हाताऱ्याच्या हातात दिला. "हे वाचा बघू."

म्हातारा बोट ठेवून वाचू लागला. "मुख्या... ध्यापक... स्वतः... रोज... दोन तास... गवळ्यांना... शिकवतात." तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग माझ्याकडे वळला. "बाई, माजं कायतरी चुकतंय. मुख्याध्यापक म्हंजे ह्येच सर न्हवं?"

"तेच."

"ह्ये तर नारळ फोडाय आलतं. त्येच्यानंतर आज दिसाय लागल्यात."

हॉलमध्ये डोक्यावर पंखा गरगरत होता. माझं कायमपण त्या पंख्यावर बसून गडहिंग्लजच्या दिशेनं निघालेलं मला स्पष्ट दिसलं. पण सर म्हणजे सर. ते उठले, म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "पाहिलंत साहेब? नुसतं वाचत नाहीत. वाचून प्रश्न विचारतात. हेच माझं स्वप्न होतं."

साहेबांनी शेरा मारला, 'वर्ग उत्तम.' पुरस्कार सरांना मिळाला. मला लिफाफा मिळाला.

तो मी कट्ट्यावर नेला. उघडायचा धीर होईना. म्हाताऱ्यानं हात धोतराला पुसले. "आना हिकडं, मी वाचतो." त्यानं वाचलं आणि एका शब्दावर बोट थांबलं. "तात्पुरत्या. आनि म्होरं, आनकी एक वर्स." त्यानं माझं तोंड बघितलं. म्हैस सोडली आणि म्हणाला, "चला माज्यासंगट."

सरांच्या दारात तो रोज म्हैस नेत असे. डोळ्यांदेखत काढलेल्या दुधाशिवाय सरांच्या बायकोला चहा चालत नसे. त्या पातेलं घेऊन बाहेर आल्या, मागे सर.

"वैनी, उद्यापासनं तुमचं दूद तात्पुरतं," म्हातारा म्हणाला.

"म्हणजे हो काय?"

"म्हंजे आलं तर आलं. बाईंच्या कागदावर लिवलंय तसंच."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "काय लिहिलंय तुम्ही?"

"कारकुनाची चूक असणार," सर म्हणाले. पुरस्काराचा हार अजून खुंटीवर ताजा होता.

"मग उद्या दुरुस्त करा. मला बिनदुधाचा चहा जमायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी नवा आदेश हातात आला. संध्याकाळी कट्ट्यावर म्हाताऱ्यानं तो दोनदा वाचला, 'कायम' या शब्दाखालून बोट फिरवलं, खालची सही सरांचीच ना, हे मला विचारून घेतलं, आणि मगच त्यांच्या दारात म्हैस नेली.