दगडामागचा शिपाई

चिंधा नाना भित्रे होते. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणायचो आणि ते हसून मान डोलवायचे. त्यांचं नावच मुळी भीतीपोटी ठेवलेलं. आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हे जन्मले तेव्हा आईने त्यांना शेजारणीच्या ओटीत टाकलं आणि एका फाटक्या चिंधीच्या बदल्यात परत घेतलं. एवढ्या स्वस्तातल्या पोरावर काळाची नजर जाऊ नये, हा हिशेब. काळाची नजर गेली नाही, पण नाना जन्मभर इकडेतिकडे बघतच चालले. पालीला भ्यायचे, विजेला भ्यायचे, रेल्वे फाटक उघडं असलं तरी दोन्हीकडे कान देऊन मग पाय टाकायचे.

असा माणूस लढाईच्या खेळांच्या दुकानात बसायचा, हीच मोठी गंमत. जळगावात माझं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लावून कांतीलालशेठचं व्हिडिओ गेम पार्लर. नाना मूळचे पारोळ्याकडचे, शेठच्या कापड गोदामात हमाली करायचे. पाठीने दगा दिला तेव्हा शेठने त्यांना पार्लरच्या गल्ल्यावर बसवलं. पितळी टोकनं द्यायची, पोरांची भांडणं सोडवायची, एवढंच काम.

पार्लरमधलं सगळ्यात लाडकं मशीन म्हणजे दोन फौजींचं. एक लाल, एक निळा. उघड्या अंगाने, डोक्याला पट्टी बांधून दोघं धावत सुटायचे आणि समोरून येणारे शेकड्याने आडवे व्हायचे. स्वतःला गोळी लागली तर पडायचे, क्षणभर लुकलुकायचे आणि उठून पुन्हा धावायचे. जीव संपले की पडद्यावर उलटे आकडे सुरू व्हायचे. ते शून्यावर यायच्या आत टोकन टाकलं की गडी परत उभा. नानांना हे फार आवडायचं. "पडस तरी उठस," ते मला कौतुकाने सांगायचे. "असं पाहिजे."

त्यांचा मुलगा वना जेवणाचा डबा घेऊन यायचा आणि त्या मशीनला चिकटायचा. जोडीला त्याचा दोस्त झुलाल, चाळीसगावकडचा, कॉलेजसाठी इथे राहणारा. लाल फौजी वनाचा, निळा झुलालचा, यात कधी बदल नाही. बटणं दाबून दाबून दोघांनी झिजवली आणि मग एक दिवस दोघं खरोखरच भरतीला जाऊन आले. दोघं निवडले गेले. एकाच पलटणीत पडले. कांतीलालशेठने पेढे वाटले. नाना पेढा हातात धरून त्या मशीनकडे बघत बसले. पोराला यानेच पळवलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. तरी निदान पडलेला उठतो, एवढा धीर त्या मशीननेच त्यांना दिला होता. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण धीर असाच असतो, मिळेल तिथून घ्यायचा.

नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात शेठचा मुलगा अभयकुमार पुण्याहून पार्लरसाठी कॉम्प्युटर घेऊन आला. त्यात लढाईचा नवा खेळ होता. "हा एकदम खऱ्यासारखा आहे नाना," तो म्हणाला. त्यात फौजी दिसतच नव्हता, फक्त त्याची बंदूक दिसायची आणि श्वास ऐकू यायचा. शत्रू कुठे आहे ते कळायचं नाही. कुठूनतरी एक आवाज व्हायचा, पडदा आडवा व्हायचा आणि काळा पडायचा.

नाना वाट बघत उभे राहिले. "आते उठी ना?"

"नाही. एक गोळी म्हणजे खलास. खरं असंच असतं," अभयकुमार म्हणाला. त्याला नानांचं तोंड दिसलं नाही, मला दिसलं. पांढरं फटक पडलं होतं.

त्याच सुमारास कारगिल सुरू झालं. वना आणि झुलाल दोघंही तिकडेच होते. टीव्हीवर डोंगर दिसायचे, धूर दिसायचा, माणूस कुठे दिसायचा नाही. नानांना लढाई बघायला त्या कॉम्प्युटरवाचून दुसरी खिडकी नव्हती. पोरांना तो खेळ नको होता. मिनिटात मरायला टोकन कोण घालवणार? त्यामुळे कॉम्प्युटर रिकामाच असायचा. एक दिवस बघतो तर नाना त्याच्यापुढे बसलेले. दोन बोटांनी, एकेक कळ चाचपत, त्यांनी आपला शिपाई एका मोठ्या दगडामागे नेला, खाली बसवला आणि हात काढून घेतला.

"आता?" मी विचारलं.

"आते काय नही. हालाना नही, बस."

मग रोजचं तेच झालं. दुकान उघडलं की देवाला उदबत्ती, आणि शिपायाला दगडामागे बसवायचं. घटासमोरचा अखंड दिवा सांभाळावा तसा ते तो पडदा सांभाळायचे. कोणी जवळ आलं की उठून उभे राहायचे. रात्री कुलूप लावण्याआधी स्वतःच्या हाताने खेळ बंद करायचे, म्हणजे त्याला सुखरूप घरी पाठवल्यासारखं. अभयकुमार वैतागला. पण त्याची आई, भंवरीबाई, एकदा डोकावून म्हणाली, "बसू दे. हा मारत पण नाही, मरत पण नाही. तुझ्या दुकानात एवढा एकच धर्माचा आहे." शेठाणीपुढे कोण बोलणार?

मी थट्टा करणं तेव्हाच सोडलं. कारण जुलैत झुलाल चाळीसगावला आला तो तिरंग्यात गुंडाळून. सगळा तालुका रस्त्यावर होता. नाना जाऊन आले. वनाचं पत्र नाही, फोन नाही. लढाई संपल्याचं टीव्हीवर सांगून झालं, दुसऱ्यांच्या पोरांचे फोन आले, यांचा येईना. माझ्या दुकानातला फोन वाजला की भिंतीपलीकडे टोकनांचा आवाज थांबायचा. मी मोठ्याने "गिऱ्हाईक आहे" म्हणून ओरडलो की पुन्हा सुरू व्हायचा. त्या दिवसांत मलाच फोन उचलायची भीती वाटायला लागली.

श्रावणात, आमच्याकडच्या कानबाई देवीच्या सणाच्या आदल्या दिवशी, नाना दुपारी चहाला गेले. कॉलेजचा एक पोरगा आला, त्याने रिकामी खुर्ची बघितली आणि शिपायाला दगडामागून बाहेर काढलं. नाना कपबशी घेऊन दारात पोचले आणि तो आवाज झाला. पडदा आडवा झाला, काळा पडला.

ज्या माणसाने जन्मात आवाज चढवला नव्हता, त्याने त्या पोराच्या कानाखाली वाजवली. "मी त्याले आठे बसाडेल व्हता," एवढंच म्हणत राहिले. पोरगा गाल धरून म्हणाला, "अहो नाना, गेम आहे." नानांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चप्पल तिथेच सोडून, अनवाणी, ते पारोळ्याच्या एस.टी.ला जाऊन बसले; सणासाठी बायको आधीच गावी गेली होती.

पुढचं मला त्यांच्या बायकोने, कमलबाईंनी सांगितलं. कानबाईच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीला, त्यांच्याकडे घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात. जो आहे त्याचीच मूठ. गेलेल्याची घेत नाहीत आणि घेतलीच तर रोट बाटतो. सूप पुढ्यात ओढून बाईंनी नानांची मूठ घेतली, दिराची घेतली, आणि हात गव्हात ठेवून थांबल्या. भाऊबंद बसलेले.

"वनानी लेऊ ना?" त्यांनी विचारलं.

नानांच्या डोळ्यांपुढे तो काळा पडदा. हो म्हणावं तर देवीशी खोटं, नाही म्हणावं तर आपल्याच तोंडाने पोराला मारलं. बाई सांगत होत्या, "मला वाटलं आता हाच माणूस जातो." शेवटी नानांनी स्वतः पुढे होऊन गव्हात हात घातला. घेतलेलं सगळं सांडलं. पुन्हा घातला. पुन्हा सांडलं. मग बाईंनी त्यांच्या मुठीवर आपली मूठ आवळली आणि दोघांनी मिळून ते गहू सुपात टाकले.

नानांनी त्या रोटाला हात लावला नाही. देवीचं विसर्जन झालं, नंतर चार दिवसांनी माझ्या दुकानातला फोन वाजला. श्रीनगरच्या दवाखान्यातून वना बोलत होता. बर्फाने पायाची बोटं गेली होती, बाकी ठीक. त्याचं पत्र कुठे फिरत होतं देव जाणे. मी भिंतीवर बुक्क्या मारल्या.

दसऱ्याला वना जळगावला आला, थोडा लंगडत. नानांनी त्याला आधी कॉम्प्युटरपुढे नेलं. पोराला दगडामागे कसं जपलं ते दाखवायचं होतं त्यांना. वनाने तो दगड बघितला, तो श्वास ऐकला.

"असंच असतं का रे?" नानांनी विचारलं.

"असंच," वना म्हणाला. "मी असाच बसेल व्हतो, नाना. आधी मीच निघनार व्हतो. झुलाल म्हने, तू थांब."

मग तो उठून जुन्या मशीनपाशी गेला. दोन टोकनं टाकली. लाल आणि निळा दोन्ही फौजी उभे राहिले. त्याने एकाही दांडीला हात लावला नाही. गोळ्या आल्या, निळा पडला. लुकलुकला. उठला. वना त्याच्याकडे बघत राहिला. पुन्हा पडला, पुन्हा उठला. जीव संपले, आकडे उलटे धावू लागले. वनाने मागे न बघता हात पसरला.

नानांनी गल्ल्यातून मूठभर टोकनं काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. या वेळी एकही सांडलं नाही.