सूर्यामागे गेलेली क्षेपणास्त्रं

शेजाऱ्यांनी गाडी लावली की सोसायटीतलं मांजर लगेच तिच्या गरम बॉनेटवर चढून बसतं. बॉनेट निवलं की उठतं आणि भिंतीकडेच्या उन्हात जाऊन पडतं. निवृत्त झाल्यापासून मी गॅलरीतून रोज हेच बघत असतो.

माझी सगळी नोकरी विमानाने विमानावर सोडायच्या क्षेपणास्त्रांवर काम करण्यात गेली. समोरच्या इंजिनाची ऊब हुंगत ती त्याच्यामागे जातात. अगदी सुरुवातीची फार भोळी होती. सूर्य समोर आला की विमान सोडून त्याच्याकडेच निघायची. मग आमच्यासारख्यांनी त्यांना ऊन कुठलं आणि इंजिन कुठलं ते शिकवलं. वैमानिक त्यांना फसवायला जळते गोळे सोडू लागले, तेव्हा तेही ओळखायला शिकवलं. आता ती सहसा कशालाही भुलत नाहीत. काम चोख झालं, आणि मी दमलो.

"अहो, ऊन सरकलंय. खुर्ची पुढे घ्या," बायको आतून म्हणाली.

मी खुर्ची ओढली. खाली मांजरही उन्हाबरोबर थोडं सरकलं होतं.

हल्ली मला ती जुनी, भोळीच आठवतात. ती सूर्याकडे वळली, की समोरच्या विमानातला मुलगा संध्याकाळी आपल्या घरी जेवायला जायचा.