कुठंही लागू दे

लेक बेपत्ता झाली त्या दिवसांत मी देवीशी बोलणं टाकलं होतं. लोक संकटात देव धरतात, मी सोडला. तशी मी भांडकुदळच, माहेर-सासर दोन्हीकडची माणसं साक्ष देतील. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. ह्यांना बोईसरच्या कारखान्यात नोकरी लागली, सरावलीत बिऱ्हाड केलं आणि तेव्हापासून डहाणूची महालक्ष्मी आपली मानली. रोज सकाळी तिच्या तसबिरीला फूल वाहताना मी घरातल्या मोठ्या बाईला सांगावी तशी सगळी गाऱ्हाणी तिला सांगायचे. ह्यांची रात्रपाळी, नळाचं पाणी, खोल्यांवर राहणाऱ्या कामगार पोरांच्या डब्यांची घाई. आणि तिनंच असं करावं? एका सकाळी तसबिरीसमोर उभी राहून म्हणाले, "आता तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी." फूल तसंच ओट्यावर सुकलं.

सायली आमची एकुलती एक. तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला आहे. तिला डोंगरांचं भारी खूळ. रविवार आला की काळदुर्ग, नाहीतर अशेरीगड. मग डोक्यात शिरलं हिमालयाचं. हिमाचलात कुठंतरी इतकं उंच जायचं की तिथं हवाच पुरत नाही. त्यासाठी ही बया पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी घेऊन इमारतीचे जिने चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. शेजारी हसायचे. मी ओरडायचे, "अगं, गुडघे मोडून घेशील, मग लग्नात पाटावर बसवायचं कसं तुला?" पण खरं सांगते, आतून ऊर भरून यायचा. आमच्या अख्ख्या खानदानात कुणी बाई एकटी सातारा सोडून पुण्याला गेली नव्हती.

गेली ती एकटीच. पायथ्याच्या गावात दोन दिवस आधी पोहोचून उंचीची सवय करायची आणि मग तिथल्या तुकडीबरोबर वर निघायचं, असा बेत होता. पोहोचल्यावर फोन आला, "आई, इथं जिना चढल्यासारखं सपाट रस्त्यावर होतंय!" हसत होती. त्यानंतर फोन बंद. मग ट्रेक नेणाऱ्या माणसांचाच फोन आला. तुकडी निघायच्या वेळी सायली आलीच नाही. मोठी बॅग खोलीवर तशीच होती. आदल्या दिवशी लहान पिशवी घेऊन वरच्या बाजूला फिरायला जाताना लोकांनी पाहिलं होतं, आणि त्या संध्याकाळी तिकडं धो-धो पाऊस होऊन दरड कोसळली होती, ओढ्यावरचा पूल वाहून गेला होता.

ह्यांनी पोलिसांत तक्रार दिली. तिकडचे पोलीसही शोधत होते. हे निघायलाच तयार होते, पण रस्ता बंद आहे, येऊन काय करणार, असं तिकडून सांगितलं. समोरच्या बाईनं तेवढ्यात जीभ उचलून टाळ्याला लावली, "कुणाबरोबर गेली तर नसेल ना हो?" मी तिच्या तोंडावर दार आपटलं. आणि दार लावून घेतल्यावर मात्र रडले. डबे करत होते, कारण हात थांबले की डोकं चालायचं. प्रत्येक पोळीबरोबर एकच घोकत होते. माझी पोर माझ्या घरी आण. आत्ताच्या आत्ता आण. देवीशी अबोला धरूनही मागत तिच्याचकडं होते, ते तेव्हा कळलं नाही.

आमच्याकडं तारापूरच्या बाजूनं भानूमावशी पाटी घेऊन मासळी विकायला येते. त्या दिवशी मी दारातूनच म्हटलं, आज काही नको. तिनं माझं तोंड पाहिलं, पाटी खाली ठेवली आणि उंबऱ्यात बसली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माज्या नवऱ्याची बोट आशीच नाय आली एकदा. वादळ झाला हुता. सगल्या बोटी आल्या, आमची नाय. आमी बाया तवा 'घरला आन' आसा नाय मागत, बाय. वारा कुठला, पानी कुठला, आपल्याला काय ठावं? आमी म्हनतो, कुठं बी लागू दे. ज्या बंदराला लागंल त्या बंदराला लागू दे. तितं पन मानसाच हायत."

"मग?" मी विचारलं.

"गुजरातला लागली हुती. आला की मंग. मेला जाडा होऊन आला." आणि पदर तोंडाला लावून हसली. इतक्या दिवसांत माझ्या घरात कुणी हसलं नव्हतं. मग तिनं पाटी माझ्याच स्वयंपाकघरात ठेवली, शेजारणीकडून बर्फ आणून मासळीवर टाकला आणि म्हणाली, "चल, देवीकडं जाव." धंद्याची वेळ, मासळी पडून राहणार, पण तिनं मागं वळून पाहिलं नाही. असं काळीज कुठं मिळतं!

महालक्ष्मीच्या देवळात मी आधी भांडायलाच उभी राहिले. म्हटलं, फोटोशी काय भांडायचं, समोरासमोर होऊन जाऊ दे. पण तोंड उघडलं आणि "घरी आण" हे शब्द बाहेरच येईनात. कुठून आणणार होती ती? मी इथं चरफडून दरड का हलणार होती? मी हात जोडले आणि एवढंच म्हणाले, "कुठंही लागू दे. माझ्यापाशी नसली तरी चालेल. ज्याच्या दारात असेल तिथं माणूस असू दे." ते म्हणताना छातीतलं काहीतरी सुटलं. मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, पण ते रडणं घरच्यासारखं कोरडं नव्हतं.

परतीच्या एसटीत फोन वाजला. नंबर अनोळखी. एक माणूस हिंदीत ओरडत होता, "माताजी, आप सायली की मम्मी? बिटिया ठीक है, बिल्कुल ठीक है!" वरच्या कुरणातल्या झोपडीत त्याची म्हातारी आई एकटीच होती. ती घसरून पडली, पाय मोडला. सायली फिरत तिथं पोहोचली, पाऊस लागला, पूल गेला. लेक म्हातारीला सोडून निघाली नाही. काठ्या बांधून पाय सरळ ठेवला, चूल पेटवली, भरवलं, धुतलं-पुसलं. पाणी ओसरल्यावर हा मुलगा वर पोहोचला आणि आमचा नंबर तळहातावर लिहून घेऊन रेंज मिळेपर्यंत खाली धावत आला. रडत रडत म्हणाला, "मैंने भगवान से कहा था, माँ के पास किसी को भेज दो. आपकी बेटी को भेज दिया." मीही तेच मागत होते, दुसऱ्या टोकाहून. भानूमावशी सगळ्या एसटीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "लागली, बाय, लागली!" कंडक्टरसुद्धा उठून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी म्हातारीला डोलीतून खाली आणलं आणि सायलीचा फोन आला. आधी दोघीही नुसत्या रडलो. हिच्या अंगी एवढं धैर्य आलं कुठून, हेच मला कळेना. मग ती म्हणाली, "आई, पुढची तुकडी परवा निघतेय." मग हळूच, "पण तू म्हणशील तर मी घरी येते."

हे शेजारी उभे राहून हातानं खुणा करत होते, बोलव, बोलव. माझ्या जिभेवर तर "आधी घरी ये गं बाई" आलेलंच होतं. एका शब्दाचं काम होतं, ती आली असती. देवीनं लेक माझ्या मुठीत आणून ठेवली होती.

मी म्हणाले, "जाऊन ये."

सायली वर जाऊन आली, नाकाची सालं निघालेली, रंगानं कोळसा झालेली. तिला पाहून मावशीनं कानशिलावर बोटं मोडली. लोक मला विचारतात, नवस कुठला बोलला होतात, आम्हालाही सांगा. नवस नव्हता. लेक सापडली, त्याचे देवीचे उपकार मी जन्मभर मानीन. पण त्याहून मोठं ऋण "जाऊन ये" ह्या दोन शब्दांचं आहे. मी स्वतःला चांगली ओळखते. तेवढं बळ माझं नव्हतं.