टोपीवाला कोंबडा आणि माझं लग्न

आधी चहा ओता. हा किस्सा कोरड्या घशाने सांगण्यातला नाही. आणि हसायचं असेल तर मोकळेपणी हसा, माझी बायको लग्नाआधीपासून हसतेच आहे!

साठ सालानंतरची गोष्ट. मी मिठबावात शाळामास्तर. वय चोवीस, लग्नाला उभा, आणि मनात तात्यांची शालन. तात्या म्हणजे दोन होड्या, आंब्याची कलमं आणि एक आवाज. घरात नुसते खाकरले तरी शेजारच्या वाडीतली पोरं पाढे म्हणायला लागायची! अशा माणसापाशी मुलगी मागायची कशी?

शिमगा नुकताच झाला होता. गावात सरकारी प्रचाराची गाडी आली. किनाऱ्यावर पडदा लावून देवीची लस, भाताची लागवड असले सिनेमे दाखवले. शेवटी गाडीवाल्याने पोरांसाठी एक विलायती कार्टून काढलं. बोलणं सगळं इंग्रजी. तो मला म्हणाला, "मास्तर, तुम्ही मॅट्रिक झालेले. हा कर्णा घ्या आणि समजावून सांगा."

मी कशाला नाही म्हणतोय? पुढच्या रांगेत शालन बसली होती!

कार्टुनात एक लाल टोपीवाला कोंबडा होता. आळशी नंबर एक. आरवायच्या वेळी घोरायचा. बदक सांगतं, ऊठ. कुत्रा सांगतो, ऊठ. गाय सांगते, अरे ऊठ मेल्या! हा आपला टोपी डोळ्यांवर ओढून पुन्हा आडवा. पोरं हसून हसून वाळूत लोळत होती. मीसुद्धा कर्ण्यातून घोरून दाखवलं.

मग शेतकऱ्याच्या टेबलावर एक झाकलेलं ताट आलं. झाकण उचललं. आतून वाफ आली. आणि ताटाच्या काठावर काय? ती लाल टोपी! समाप्त!

अहो, ही काय मुलांची गोष्ट झाली? आळस वाईट हे शिकवायला आळशालाच शिजवायचं? पण तेव्हाची कार्टुनं असलीच असायची. आधी पोट दुखेपर्यंत हसवायची आणि शेवटी कानाखाली वाजवायची. वर त्याला म्हणे तात्पर्य!

इकडे किनाऱ्यावर मग शालनची धाकटी बहीण बेबी, माझ्याच दुसरीच्या वर्गातली, तिने गळा काढला. तिच्यामागून अख्ख्या वाडीची पोरं. शालनही पदराने डोळे पुसायला लागली. ते मात्र मला बघवेना.

"रडू नका! गोष्ट संपलेली नाही!" मी कर्ण्यातून ओरडलो. "शेतकऱ्याने कोंबडा खाल्ला खरा, पण कोंबडा पोटात जाऊन जागा झाला! शेतकरी उठला की आतून कुकूचकू, बसला की कुकूचकू! शेवटी त्याने कान धरून माफी मागितली, तेव्हा कोंबडा टोपीसकट टुणकन बाहेर! म्हणून मुलांनो, जो कोंबडा खातो, त्याच्या पोटात तो आरवतो!"

काय टाळ्या पडल्या! शालन हसली. मी जमिनीपासून वीतभर वर. तेवढ्यात तात्या पुढे आले.

"मास्तरानु, फाल्यां दुपारी जेवाक येवा. कोंबो कापतंय."

कळलं ना? उद्या मुलगा बघण्याचा कार्यक्रम! आमच्याकडे पत्रिका नंतर बघतात. मुलगा कोंबडी-वडे कसे हाणतो, ते आधी.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून गेलो, तर खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, वाडीतली सगळी पोरं रांगेने बसलेली. पुढे बेबी.

"गुरुजी, तुमी कोंबो खातलास?"

आता बघा माझी पंचाईत. खावं तर पोरांच्या लेखी मी राक्षस. न खावं तर शालन गेली. पान वाढलं गेलं, रश्श्याचा वास आला, आणि मी म्हणालो, "तात्या, माझा आज जरा उपास..."

"आयतवारचो?"

"म्हणजे, मी मांसाहार सोडलाय."

तात्यांच्या मिशा थरथरल्या. "शिवराक? दर्यावर्द्याच्या घरात शिवराक जावय? शालन, ह्यांचा पान उचल गो!"

"नाही, नाही, नाही!" मी घाईने वडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि एक मोठा तुकडा तोंडात टाकला. खळ्यातून एका सुरात आवाज आला, "आंऽऽ!"

एकदा घसरलो की मी मध्ये कुठे थांबत नाही. "वा तात्या! असला कोंबडा जन्मात खाल्ला नाही! किती कोवळा! दाताला हाड म्हणून लागत नाही! गावठीच ना? मला कोंबड्यातलं कळतं हो!"

तात्यांनी पहिला घास घेतला आणि ते चावायचेच थांबले. इतक्यात अगदी जवळून, "कुकूचकूऽऽ!"

"गुरुजींच्या पोटात आरवलो!" पोरं किंचाळली. "गुरुजी, कान धरा! माफी मागा!"

आणि मी, मॅट्रिक पास मास्तर, रश्श्याच्या हातांनी खरोखर कान धरले! माझीच थाप, आणि मीच घाबरलो!

शालनने हसू दाबत माझ्या डोक्यावरच्या माळ्यावरून डालगं खाली काढलं. आत कोंबडा. जिवंत, टवटवीत.

"बाबा, बेबी सकाळपासून रडता. तिना कोंबो कापूक दिल्यान नाय. मगे मिया कोवळो फणस घातलंय."

फणस! मी हातातल्या तुकड्याकडे बघितलं. तात्या हसता हसता पाटावरून कलंडले. "आणि ह्येंका कोंबड्यातला कळता!"

संपलं सगळं. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. कान तसेच बरबटलेले, चपला शोधायला लागलो. तेव्हा दाराआडून शालनची आई पहिल्यांदाच बोलली.

"अवो, थांबवा तेंका! फणस वाढलो तरी कोंबो म्हणान खातत, वर तारीफ करतत! असो जावय खंय गावतलो?"

वैशाखात लग्न झालं. गेल्या रविवारीच मी म्हटलं, "वा, काय कोंबडी झालीय!"

बायको मान वर न करता म्हणाली, "कान धरा. सुरण आसा."